बिनकामाचं झाड

ज्येष्ठात न्यू जर्सीला थोरल्याकडं गेलो, तो सहा महिने राहिलो. सूनबाईनं परसात जपानी मेपल लावलेलं, माझ्या छातीएवढं. मी सवयीनं विचारलं, "याला फळ काय येतं?"

"पंखाचं बी येतं, आबा. खायचं काही नाही."

फळ नाही, चारा नाही, वाढ गोगलगायीची. लाड मात्र तान्ह्या पोराचे. दुपारच्या उन्हानं पानांच्या कडा करपतात, म्हणून जागा घराच्या पूर्वेला. मुळं वरच्यावर पसरतात, म्हणून बुडाभोवती दोन-तीन इंच लाकडी सालीचा थर. तो खोडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर साल कुजते. ओल हवी, पण पाणी साचलेलं चालत नाही. झाड कलमी होतं. जोडाखालून फुटवा आला, तो मीच खुडला. आपल्या आंब्याला करतो तसंच.

पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं आणि हात अवघडला. 1972 च्या दुष्काळात आई भाजी धुतलेलं पाणीसुद्धा म्हशीपुढं ठेवायची. तिच्या लेकानं शोभेच्या झाडाला पाणी घालावं? ज्याचा उपयोग नाही, ते जपावं का?

कार्तिकात रात्री गारठल्या आणि झाड तांबडंलाल झालं. सूनबाई कामावर जाण्याआधी चहाचा कप घेऊन त्याच्यापाशी उभी राहायची. बोलायची नाही. मला कारभारीण आठवली.

आमच्या बांधावर बहावा होता. त्याच्या सावलीत ज्वारी खुरटायची, दोन-चार पायल्या कमी यायच्या. मी तो तोडला. वैशाखात रान उघडंबोडकं असताना तो एकटाच पिवळाधमक फुलायचा. कारभारीण पाणी घेऊन येताना घागर उतरून तिथं टेकायची. तोडल्यावर ती काही बोलली नाही. पाण्याची वाट मात्र तिनं बदलली. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

पोटासाठी तोडला म्हणावं, तर त्या साली कणगी भरलेली होती. पोटाला चिमटा बसला तर झाड तोडावं लागतं, हे मी आजही म्हणेन. पण पायलीनं ज्वारी मोजता येते. तिचं ते घटकाभर टेकणं कशानं मोजायचं, हे मला माहीत नव्हतं. आणि मी तिला विचारलंही नाही. झाड बिनकामाचं, हे मी एकट्यानंच ठरवून टाकलं होतं.

परत आल्यावर बहाव्याचं रोप आणलं. ज्वारीचं नुकसान व्हायचं ते होईलच. लावायचं कुठं, हे मात्र धाकट्या सुनेला विचारलं. तिनं बांधावरची जागा दाखवली, तिथं लावलं.