सूचना आणि जबाबदारी

आपण एखादी गोष्ट बदलणार आहों अशी सूचना दिली, म्हणजे तिच्यावर विसंबून असणाऱ्यांविषयींचें आपलें कर्तव्य संपतें काय? व्यवहारांत संपतें असें आपण धरून चालतों. नीतीच्या दृष्टीनेंहि तें संपतें काय, हा प्रश्न नुकताच एका क्षुल्लक निमित्तानें आमच्यापुढें उभा राहिला.

जुन्या ग्रंथांतील शब्दांची सूची करणारें एक लहानसें साधन आमच्या एका विद्यार्थ्यानें कांहीं वर्षांपूर्वीं पायथन या संगणकभाषेंत लिहून दिलें होतें. एका ओळीची आज्ञा टाइप करावी आणि सूची घ्यावी, एवढाच त्याचा व्यवहार. परवां नवा संगणक आला, त्याबरोबर पायथनची नवी आवृत्ति आली, आणि साधन बंद पडलें. विद्यार्थ्यानें काम कच्चें केलें असा आमचा ग्रह झाला व तो आम्हीं घरांत बोलूनहि दाखविला.

परंतु पडद्यावरील त्रुटीचा मजकूर शेवटच्या ओळीपासून वर वाचीत गेलों, तेव्हां निराळेंच दिसलें. ‘कलेक्शन्स’मध्यें ‘मॅपिंग’ हें नांव सांपडत नाहीं, अशी तक्रार होती. आणि ती ज्या फायलींत उद्भवली ती विद्यार्थ्याची नव्हतीच. त्यानें दुसऱ्या कोणी लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, वापरली होती. ती जुनी झाली होती.

या नांवाचा इतिहास मनोरंजक आहे. २०१२ सालीं पायथनच्या ३.३ आवृत्तींत त्याला ‘कलेक्शन्स.एबीसी’ हें नवें घर मिळालें. जुना पत्ताहि चालू राहिला. २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास इशारा मिळूं लागला. ३.९ मध्येंहि सोयीसाठीं एका आवृत्तीची शेवटची मुदत दिली गेली, आणि २०२१ च्या ३.१० मध्यें जुना पत्ता पुसला गेला. नऊ वर्षें थांबणाऱ्यास निष्ठुर कोण म्हणेल?

पण ग्यानबाची मेख येथेंच आहे. साधन वापरणाऱ्यास उगाच त्रास नको म्हणून या जातीचे इशारे एरवीं लपविलेले असतात. ३.७ पासून ते मुख्य प्रोग्रॅमपुरते दिसतात; लायब्ररीच्या पोटांतले दिसत नाहींत. म्हणजे आम्ही साधन चालवीत होतों, इशारा उठत होता, आणि आमच्या दृष्टीस न पडतां विरत होता. जी सूचना पोहोंचली नाहीं ती दिली असें म्हणावें काय?

आमच्या मतें, ती पोहोंचविण्याचा यत्न करणें हें बदल करणाऱ्याचें कर्तव्य होय. परंतु त्याच्यावर कोण कोण विसंबून आहे हें त्यास कसें कळावें? लायब्ररीचा कर्ता तर पुष्कळदां विनावेतन राबणारा. त्यानें जन्मभर पहारा करावा असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? आपण कशावर उभे आहों हें विचारणें मात्र लाभ घेणाऱ्याच्या हातीं असतें. सामान्य माणसास त्यांतलें कळत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. पण न कळणें निराळें आणि न विचारणें निराळें.

दुरुस्तीस एक संध्याकाळ पुरली. साधनासाठीं संगणकावर वेगळें आवरण तयार केलें, त्यांत त्या लायब्ररीची नवी आवृत्ति घेतली, जुनी सूची व नवी सूची ताडून पाहिली, आणि जुळल्यावर सर्व आवृत्त्यांचे आंकडे लिहून ठेवले. तें लिहितांना विद्यार्थ्यानें मूळ साधनासोबत दिलेली एक फाईल प्रथमच उघडली. तींत वापरलेल्या लायब्ऱ्यांचीं नांवें होतीं, आणि खालीं एक ओळ: ‘सर, वर्षांतून एकदां हीं तपासून घ्यावीं.’

ही सूचना तर आमच्या घरींच पोहोंचली होती. घरांत जें बोललों होतों तें घरांतच परत घेतलें, आणि विद्यार्थ्यास पत्र लिहिलें.