उष्मांकांचा हिशेब आणि अंदाजाची नीती

मराठीत शरीर 'कमावले' जाते. तालमीत जाणारा मुलगा अंग कमावतो, चर्मकार कातडे कमावतो आणि घरातील कर्ता माणूस पैसा कमावतो. क्रियापद एकच, आणि कच्च्या द्रव्यावर दीर्घकाळ श्रम करून त्यातून टिकाऊ असे काही हाती आणणे, हा अर्थ तिन्ही ठिकाणी कमीअधिक प्रमाणात उपस्थित आहे. गेल्या काही दशकांत व्यायामाच्या बोलण्यात या क्रियापदाची जागा दुसऱ्या एका क्रियापदाने घेतली. आता उष्मांक 'जाळले' जातात. व्यायामाने काय मिळाले हे पूर्वी पाहिले जाई. आता काय खर्ची पडले हे मोजले जाते. भाषेतला हा पालट वरवर किरकोळ वाटतो. परंतु शरीर ही साधना की जमाखर्चाची वही, असा प्रश्न त्यामागे उभा आहे. आणि ही वही लिहितो कोण, चुकीचा भुर्दंड भरतो कोण, हा त्याहून कठीण प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो.

प्रथम हिशेबाचे स्वरूप पाहिले पाहिजे. घरच्या घरी व्यायाम करणाऱ्या माणसाला जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा एका साध्या गुणाकारातून निघतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर दर किलो वजनामागे दर तासाला साधारण एक किलोकॅलरी वापरते, असे गृहीत धरतात. प्रत्येक हालचालीला या विश्रांतीच्या पटीत एक अंक दिलेला असतो. मध्यम गतीच्या कवायतीला सुमारे ३.८, जोरकस दंडबैठकांना सुमारे ८. सत्तर किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास मध्यम कवायत केली, तर ३.८ गुणिले ७० गुणिले अर्धा, म्हणजे १३३ उष्मांक होतात. मात्र तो माणूस तेवढा वेळ नुसता बसून राहिला असता, तरी ३५ उष्मांक खर्च झालेच असते. व्यायामाची खरी भर ९८ची. ही वजाबाकी सहसा केली जात नाही. शिवाय दोन बैठकांमधला दम, पंख्याखाली घेतलेला विसावा, हे सारे त्या अर्ध्या तासात मिसळून जाते. मध्यम कोणते आणि जोरकस कोणते हे ठरवणाराही व्यायाम करणाराच असतो. आणि स्वतःच्या श्रमाविषयी माणूस क्वचितच कंजूष असतो.

यंत्राने हा प्रश्न सुटेल अशी समजूत आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावर बांधण्याच्या सात उपकरणांची पाहणी प्रसिद्ध केली. नाडीचे ठोके त्यांतील बहुतेक उपकरणे बऱ्यापैकी अचूक मोजत होती. पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के निघाली. यामागे यंत्राची अकार्यक्षमता तेवढी नाही. नाडी हे दिसणारे चिन्ह आहे. ऊर्जा ही त्या चिन्हावरून केलेली अटकळ आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर पहिले प्रत्यक्षाच्या जवळ आहे, दुसरे अनुमान आहे. आणि अनुमानाला व्याप्तीचा आधार लागतो. एका शरीरावरून दुसऱ्या शरीराविषयी बोलताना ती व्याप्ती डळमळते.

शरीर ही साधी भट्टी असती, तर हेही चालले असते. परंतु हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा अभ्यास २०१२ साली मांडला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. दिवसभर चालणाऱ्या, खणणाऱ्या या माणसांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचा आकार लक्षात घेता, पाश्चात्त्य शहरातील बैठ्या माणसाच्या खर्चापेक्षा फारसा वेगळा नव्हता. श्रम वाढले की शरीर अन्यत्र काटकसर करते, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. संसारातील गृहिणी एका खर्चाची तोंडमिळवणी दुसऱ्या खर्चात हात आखडून करते, तसेच काहीसे हे आहे. मग सकाळी जाळलेले उष्मांक दिवसाच्या हिशेबात तितकेच्या तितके वजा होतील, या विश्वासाला आधार उरत नाही.

आपल्या परंपरेत व्यायामाला माप नव्हते असे नाही. जोर आणि बैठका मोजल्या जात. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, तेथेही संख्येला स्थान होते. पण ती संख्या केलेल्या कृतीची होती. पंचवीस नमस्कार म्हणजे पंचवीसच, त्यात अंदाजाला वाव नव्हता. आणि किती पुरे, याचे माप शरीराच्या आतूनच यावे अशी अपेक्षा होती. सुश्रुताने अर्ध्या बळाने व्यायाम करावा असे सांगून त्या अर्ध्या बळाची खूणही दिली आहे. हृदयस्थानीचा वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. या मापाला दशांश नाहीत. परंतु ते ज्याचे त्याला कळते आणि त्याच क्षणी कळते. आधुनिक मापनाला या परंपरेने दार बंद केले होते असेही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेतील साधनांनी तपासले. तेथे मोजणे हे जाणण्याचे साधन होते. जाणण्याऐवजी मोजणे ही अवस्था नंतरची आहे.

उष्मांकाचा इतिहास मात्र आखाड्यात किंवा दिवाणखान्यात घडलेला नाही. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवून, वितळलेल्या बर्फावरून त्याच्या देहाची उष्णता मोजली. पुढे अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी उष्णतामापक कोठडी उभारली. ही विद्या भारतात आली ती प्रामुख्याने गरिबाला किती अन्न पुरेल, या प्रश्नासाठी. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख राहिलेले वॉलेस एक्रॉइड यांच्या आहारविषयक शिफारशींचा आधार घेऊन, १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेने किमान वेतनाचे सूत्र ठरवले. मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला २७०० उष्मांक, आणि एका मिळवत्यामागे कुटुंबाचे तीन उपभोग-घटक. एकीकडे जास्तीचे अन्न कसे जाळावे याची चिंता, दुसरीकडे पुरेसे अन्न मिळते की नाही याची. मोजपट्टी मात्र एकच.

या मोजपट्टीवरून झालेला सर्वांत अर्थपूर्ण वाद पुण्यात घडला, हे मराठी वाचकाने विसरता कामा नये. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दरडोई दरदिवशी २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांनी गरजेची पायरी मानली आणि १९६०-६१च्या आकड्यांवरून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व नागरी भागातील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० असे आकडे घेतले. या सरासरीच्या पद्धतीवर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे काम केलेले सुखात्मे पुण्याला येऊन स्थिरावले होते. त्यांचे म्हणणे असे, की एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक बदलते. एका मर्यादेपर्यंत शरीर आपली ऊर्जा स्वतः नियंत्रित करते. तेव्हा सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित ठरवणे ही सांख्यिकीची चूक आहे. स्वच्छ पाणी आणि रोगनिवारण यांकडे लक्ष द्या, असा त्यांचा आग्रह होता. १९८१ च्या सुमारास हा वाद अर्थशास्त्राच्या नियतकालिकांतून रंगला.

सुखात्मे यांचे शरीराविषयीचे निरीक्षण उपेक्षणीय नव्हते. हाड्झांच्या अभ्यासाकडे पाहता शरीराच्या काटकसरीची कल्पना वेगळ्या वाटेने पुन्हा पुढे आलेली दिसते. पण दांडेकर-रथ यांची रेषा ही एका शरीराची वैद्यकीय तपासणी नव्हती. समाजाने आपल्या घटकाला निदान किती देणे लागते, याचे ते विधान होते. शरीर कमी अन्नात निभावून नेते ही वस्तुस्थिती आहे. म्हणून त्याला कमी अन्न द्यावे हा आदेश त्या वस्तुस्थितीतून निघत नाही. 'आहे' पासून 'असावे' कडे जाणारी वाट तर्काने आपोआप मिळत नाही, हे ह्यूमपासूनचे नीतिशास्त्र सांगत आले आहे. निभावण्याची किंमत कोणती? मूल खेळणे सोडते, स्त्री दुपारी भिंतीला टेकते, मजूर सावकाश हात चालवतो. हिशेबात खर्च जमेशी जुळतो. पण तो जुळवण्यासाठी जीवनातून काय वगळले गेले, याची नोंद वहीत नसते.

बेंगळूरच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा या औद्योगिक वसाहतीत हे दोन्ही हिशेब शेजारी नांदताना दिसतात. औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, हृदयरोगावरील उपचारांसाठी देशभर ख्याती पावलेले नारायण हृदयालय, जवळच इलेक्ट्रॉनिक सिटीतील संगणककचेऱ्या, आणि ऑगस्ट २०२५ पासून थेट येथवर येणारी मेट्रोची पिवळी मार्गिका. कचेरीतून परतलेला अभियंता घरात चटई अंथरून अर्धा तास घाम गाळतो आणि मनगटावरचा आकडा पाहून समाधान पावतो. त्याच वेळी कारखान्यात उभ्याने जुळणीचे काम करणारा साठ किलोचा कामगार आठ तासांची पाळी संपवत असतो. त्याच गुणाकाराने पाहिले, तर विश्रांतीच्या तिप्पट धरूनही त्याचा खर्च १४४० उष्मांकांचा होतो. त्याचे अभिनंदन करणारा आकडा कोठेही उमटत नाही, कारण त्याच्या श्रमाला व्यायाम म्हणत नाहीत. अभियंत्याच्या व्यायामाची येथे थट्टा करण्याचे कारण नाही. दिवसभर बसून राहण्याचे दुष्परिणाम त्या हृदयरुग्णालयाच्या परिसरात कोणाला सांगायला नकोत. प्रश्न चुकीच्या भाराचा आहे. अभियंत्याचा आकडा तीस टक्क्यांनी चुकला, तर फार तर त्याच्या पोटात एक वडापाव अधिक जाईल. वेतनसूत्रातला आकडा तेवढाच चुकला, तर दुसऱ्याच कोणाच्या ताटातली भाकरी कमी होईल.

तिसरा हिशेब घरातलाच, आणि सर्वांत मुका. श्रमपरिषदेने चार माणसांचे कुटुंब तीन घटकांत बसवले, तेव्हा कमावता पुरुष पूर्ण एक होता. पत्नी आणि मुले एकाहून कमी होती. ज्या स्त्रीने पहाटे जाते ओढले, विहिरीवरून पाणी आणले, धुणे आपटले, तिच्या श्रमाची ऊर्जा कोणत्या पटीत धरावी हा प्रश्न सूत्राला पडला नाही. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या श्रमाची नोंद राहिली ती तेथे, आकड्यात नव्हे. आज 'घरचा व्यायाम' हा शब्दप्रयोग सहज रुळला आहे. परंतु घरात व्यायाम नव्याने आला, असे म्हणण्यासाठी घरातील श्रम आधी विसरावे लागतात.

तर मग अंदाज करूच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि बेजबाबदारपणाचेही. दांडेकर-रथ यांनी आकडा मांडला नसता, तर उपासमार ही करुणेच्या भाषणांतच राहिली असती. आकडा हे दुबळ्याच्या हातातले शस्त्रही असते. कामगार संघटनांनी २७०० उष्मांकांचा आधार घेऊन वेतनाचे दावे लढवले आहेत. विवेक हवा तो एवढाच, की जो मोजतो आणि ज्याला मोजले जाते त्यांच्यातील अंतर जसे वाढते, तशी अंदाजाची नैतिक जबाबदारी वाढते. स्वतःच्या शरीराचा अंदाज करणाऱ्याने त्याला अंदाजच समजावे, आकड्याहून श्वासावर अधिक भरवसा ठेवावा, आणि सुश्रुताच्या अर्ध्या बळाशी थांबावे. त्याला दशांशांची गरज नाही. दुसऱ्याच्या गरजेचा अंदाज करणाऱ्याला मात्र हे स्वातंत्र्य नाही. त्याने आकडा द्यावाच. परंतु चूक होणार हे ठाऊक असताना, ती घेणाऱ्याच्या बाजूने व्हावी इतके माप त्याने उदारपणे भरले पाहिजे. पायली भरून धान्य देताना वर शीग ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. मापात राहून गेलेली उणीव घेणाऱ्याच्या माथी पडू नये, एवढे शहाणपण त्या शिगेत होते.