फेब्रुवारीचे तीनशे रुपये

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांचा व्यवसाय कर दरमहा 200 रुपये कापला जातो आणि फेब्रुवारीत 300. राज्यघटनेच्या कलम 276 नुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला 2500 रुपये आहे, म्हणून शेवटचा हप्ता तेवढा जड. ही मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीतली. तेव्हापासून पगार कुठच्या कुठे गेले, कर जागच्या जागी. तो मुळात लागला कशासाठी, हे मात्र कापणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि कापून घेणाऱ्यालाही.

तो लागला 1972 च्या दुष्काळामुळे. खडी फोडणे, पाझर तलाव, मुकादमाचा हजेरीपट, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो. 1973 च्या उन्हाळ्यात या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना दुष्काळाआधीच मांडली होती. दुष्काळाने ती सरकारच्या गळी उतरवली. हमी म्हटली की पैसा आला. 1975 च्या कायद्याने शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसला, त्याच्या वसुलीइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले आणि रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी करूनही 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता देय होता. सुरुवातीला दिवसाला 1 रुपया! रकमेची थट्टा करता येईल. पण पावसाने दगा दिलेल्या गावाचा खर्च मुंबईच्या पगारातून भागवायचा, आणि तोही आधीच कायद्याने बांधून ठेवायचा, ही बांधणी पक्की होती.

कारण बेकारीचा पैसा नेमका नको त्या वेळी लागतो. धंदे बसले की करवसुली आटते आणि त्याच महिन्यात मागणाऱ्यांची रांग वाढते. ब्रिटनमध्ये 1931 साली हेच झाले. विम्याचा निधी कर्जात बुडालेला, भत्त्यात 10 टक्के कपात करायची की नाही यावर मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ दुभंगले आणि रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे सरकार गेले. कपात मागाहून झालीच. आपल्याकडे मे 2020 मध्ये राज्य सरकारने विकासकामांचा खर्च 33 टक्क्यांवर आणला आणि नवी नोकरभरती थांबवली. हातावर पोट असलेल्यांना रोजगार हवा होता तेव्हा सरकारनेच हात आखडता घेतला. राज्याला दोष किती द्यायचा? त्याला नोटा छापता येत नाहीत आणि कर्जाची मर्यादा केंद्र ठरवते. खोल मंदीतला वरचा भार केंद्रानेच उचलायला हवा, याला माझ्या मते पर्याय नाही.

निधी असूनही हाती पडेल असे नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची बेकारभत्त्याची 2018 ची अटल योजना घ्या. वर्गणी आधीच भरलेली, म्हणजे पैसा होता. पण नोकरी गेलेल्या कामगाराचा अर्ज आधीच्या मालकामार्फत जायचा. ज्याने काढून टाकले त्याचीच सही! टाळेबंदीत कारखान्याच्या फाटकालाच कुलूप असेल तर ती आणायची कुठून? ऑगस्ट 2020 मध्ये ही अट गेली, भत्ता सरासरी पगाराच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के झाला, तोही जास्तीत जास्त 90 दिवस. हे सगळे विमाधारकांपुरते. भिवंडीचा यंत्रमाग कामगार किंवा नाक्यावरचा बिगारी बहुतेक वेळा कुठल्याच वहीत नसतो.

केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यानंतर हमीच्या मजुरीचा मोठा वाटा दिल्लीतून येऊ लागला. इथली व्यवसाय कराची कपात तशीच चालू राहिली. मग त्या वसुलीचा एक हिस्सा शहरी बेकारांसाठी वेगळा बांधून ठेवायला काय हरकत आहे? बरी वर्षे असताना तो साचेल. मागणी वाढली की वित्त खात्याच्या मंजुरीची वाट न पाहता सुटेल. आणि अर्ज मालकाकडे नव्हे, वॉर्ड कार्यालयात घेतला जाईल. 2500 ची मर्यादा वाढवायची तर संसदेत जावे लागेल. वसुलीतला वाटा ठरवायला मुंबईचे विधिमंडळ पुरेसे आहे.