झिजलेले टाक

चांदी जुनी झाली की तिची किंमत कशावर ठरवायची? वजनावर, कारागिरीवर, की तिच्याशी असलेल्या नात्यावर? आमच्या शिरोळ भागात हा प्रश्न देव्हाऱ्यापाशी येऊन अडतो.

कच्छची दाट वेलबुट्टी, कटकची केसासारखी तारकशी, मद्रासकडची देवादिकांच्या आकृत्या उठवलेली भांडी, ही चांदी संग्रहालयांत मानानं बसते. आपल्याकडं गुलाबदाण्या, अत्तरदाण्या असायच्या त्या वाड्यांत. शेतकऱ्याच्या घरात चांदी म्हणजे पोरांचे वाळे, बायकांचे तोडे आणि देवांचे टाक. ठशावर पातळ पत्रा ठोकून उठवलेला जोतिबा, खंडोबा, भवानी. तळहातात मावेल एवढा देव.

२०१९ च्या महापुरात घर सोडताना आईनं आधी टाक पदरात बांधले, मग रेशनकार्ड शोधलं. पाणी ओसरल्यावर जुन्या वस्तू घेणारा एकजण गावात आला. हुपरीला मोडीचा जो भाव आला असता, त्याच्या कितीतरी पट तो द्यायला तयार होता. टाकांचे नाकडोळे झिजलेले, म्हणूनच त्याला ते हवे होते. आमची भिंत पडलेली, पैशाची नड होती. धाकटा भाऊ म्हणाला, देऊया. आई म्हणाली, “माझं तोडं इका की. ते आपलं हाय. देव्हाऱ्यातलं आपलं कुठं? आपण त्येंचं.” तोडे गेले, भिंत उभी राहिली.

मला मात्र एक कोडं सुटेना. टाक फारच झिजला की सोनाराकडून त्याच चांदीचा नवा करून आणतात. त्यात कुणाला पाप वाटत नाही. म्हणजे आटवलेला चालतो, विकलेला चालत नाही! त्या माणसाकडं तोच टाक जसाच्या तसा राहिला असता, निनावी कारागिराचा हात टिकला असता. मग जपणारा कोण, तो की आम्ही?

मला वाटतं, तो वस्तू जपतो, आम्ही वहिवाट. दोन्ही लागतं. पण देवाचं झिजलेलं नाक हे रोज पुसणाऱ्या बोटांचं काम आहे. ती बोटं थांबवून झीज तेवढी विकत कशी घ्यायची?

उद्या वाटणी झाली तर भावाला नवे टाक करून देऊ. जुने पुसायचं काम माझ्याकडं. माझ्यामागं कुणालाच ते नको झाले, तर संग्रहालयाचं दार आहेच. पण आधी घरात विचारायचं.