उक्ते आणि रोजाने

खेळाडूने आपल्या वेतनाचे ऋण कोणाला व कोणत्या रूपाने फेडावयाचे असते, हा प्रश्न वरवर पाहता थट्टेचा वाटेल. परंतु घोडबंदर रस्त्यावरील मानपाड्याच्या एखाद्या वसाहतीत शनिवारी सायंकाळी फेरफटका मारणारास तो तसा वाटणार नाही. येऊरच्या डोंगराआड सूर्य कलला, की घरोघरी दूरदर्शनचे पडदे उजळतात आणि ज्यांनी लंडन शहर नकाशाखेरीज कोठे पाहिलेले नाही असे तरुण तेथील फुटबॉल-संघांच्या लाल-निळ्या जर्सी अंगात घालून मोठ्या तळमळीने ओरडू लागतात. ह्या ओरडण्यात आनंदापेक्षा संतापच अधिक असतो. आणि त्या संतापाचा विषय विरुद्ध पक्षाचा कोणी वीर नसून, बहुधा आपल्याच पक्षाच्या मधल्या फळीतला एखादा भरगच्च वेतनाचा गृहस्थ असतो. ‘इतके कोटी घेतो, आणि दोन पावले धावत नाही!’ हे त्या संतापाचे पालुपद होय.

ह्यावर वडीलधाऱ्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, ‘त्याचे कोटी तुमच्या खिशातून गेले काय? मग तुमच्या पोटात का दुखते?’ हे उत्तर आम्हांस पटत नाही. एक तर त्या कोटींतील काही कवड्या खरोखरच मानपाड्याहून गेलेल्या असतात. कारण इंग्लंडातील मोठ्या संघांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग सामने दाखविण्याच्या हक्कांतून येतो, आणि ते हक्क विकत घेणारे आपली भरपाई घरोघरच्या वर्गणीतून व जाहिरातींतून करून घेतात. दुसरे असे की, केवळ मत्सर म्हणावे तर ह्याच मुलांना गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूचे कोटी मुळीच खुपत नाहीत. उलट त्याला आणखी का देत नाहीत म्हणून ती हळहळतात. तेव्हा त्यांची तक्रार पैशाविषयी नसून पैसा व काम ह्यांच्या नात्याविषयी आहे, आणि ही तक्रार नीतिशास्त्राच्या कक्षेत येते.

पैसा वाढला तसा संताप वाढला, हे मात्र खरे. इंग्लंडात जानेवारी १९६१ पर्यंत व्यावसायिक फुटबॉलपटूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती, आणि ती शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड होती. आपल्या मुंबईत कूपरेजच्या मैदानावर टाटा, मफतलाल, महिंद्र, रेल्वे अशा कचेऱ्यांचे नि गिरण्यांचे संघ खेळत. त्यांतील खेळाडू हे त्या त्या ठिकाणचे नोकरच. आम्ही विद्यार्थिदशेत ते सामने पाहिले आहेत. तेथेही खेळाडूंना शिव्या पडत, नाही असे नाही. पण त्या शिव्यांत पगाराचा उल्लेख नसे. कारकुनाच्या पगारावर चिखलात लोळणाऱ्यास ‘तू किती घेतोस’ असे कोणी विचारावे?

ती स्थिती पालटली. १९१४ साली कोणी म्हटले असते की शंभर वर्षांनी स्वीडनचा एक नामांकित मनुष्य भरपूर द्रव्य घेऊन मुंबईच्या संघाकडून खेळावयास येईल, तर लोकांनी त्याला वेड्यांत काढले असते. परंतु २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, आणि मुंबई सिटीचा मानाचा खेळाडू म्हणून फ्रेडी ल्युंगबर्ग आला. हाही मधल्या फळीतलाच. आर्सेनलचा जो संघ २००३-०४ च्या लीगमध्ये एकदाही हरला नाही, त्यातील हा एक मोहरा. नेरुळचे मैदान मानपाड्याहून काही फार दूर नाही; आमच्या परिचयाची काही मुले त्याच्यासाठी म्हणून तेथे गेली. पण दुखापतीने त्याला मोजकेच सामने खेळू दिले, त्यांत त्याचा एकही गोल झाला नाही, आणि मुंबई आठ संघांत सातवी आली. दोन वर्षांनी त्याच जागी उरुग्वेचा दिएगो फोर्लान आला. वय दोघांचेही त्या त्या वेळी सदतीसच. पण फोर्लानने केरळच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले, आणि साखळी सामन्यांत मुंबई पहिली आली. आता, ल्युंगबर्गने मुंबईकरांना फसविले आणि फोर्लानने ऋण फेडले असे म्हणावे काय? नेरुळहून हिरमुसून परतलेली मुले तसे म्हणत होती. आम्हांस ते म्हणणे अन्यायाचे वाटते. पण का, हे सांगण्यासाठी थोडे आडवळण घेतले पाहिजे.

आपल्याकडे मजुरास काम देण्याच्या दोन रीती आहेत: उक्ते आणि रोजाने. गवंड्याला कुंपणाची भिंत उक्ती दिली, म्हणजे भिंत उभी राहिली की पैसे मोजावयाचे; मग तो चार दिवसांत बांधो की दहा, वाटेत झोपा काढो की न काढो. रोजाने लावला, तर त्याने दिवसभर आपले अंग कामाला लावावे एवढाच करार. पावसाने भिंत खचली तरी त्याचा रोज बुडत नाही. मात्र तंबाखू मळण्यात त्याचा किती वेळ जातो, हे पाहत धन्याला उन्हात उभे राहावे लागते. उक्त्यात फळ मोजतात, रोजात कष्ट मोजतात. म्हणूनच ‘अंगचोर’ ही शिवी रोजाच्या कामातली आहे. खेळाडूचा करार पाहिला तर तो सरळ रोजाचा आहे: आठवड्याला अमुक पौंड, हंगामाला इतके रुपये. प्रेक्षक मात्र हिशेब करताना तो उक्ता धरतो, आणि इतक्या कोटींत किती गोल झाले असा भागाकार मांडतो. ल्युंगबर्गचे पाय दुखावले होते. रोजाच्या न्यायाने तो अपयशी ठरला, अंगचोर नव्हे. त्या पायांवर इतके द्रव्य लावावे की न लावावे, हा विचार लावणाऱ्याने करावयाचा होता. गीतेने कर्मावर अधिकार दिला आणि फळावरचा काढून घेतला, हे खरे. पण तो उपदेश कर्त्याला आहे. प्रेक्षक तर फळच पाहावयास येतो, आणि त्याच्यासाठी त्या ग्रंथात आसन ठेवलेले आम्हांस दिसत नाही.

मग प्रेक्षकाला रागावण्याचा अधिकारच नाही काय? आहे, परंतु तो अंगचोराविरुद्ध आहे. आणि येथेच मधल्या फळीची अडचण उभी राहते. आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजता येतात, गोलरक्षकाची चूक आंधळ्यालाही दिसते. मधल्या फळीतला मनुष्य मात्र पुष्कळदा न दिसणारेच काम करीत असतो. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू एकेका खेळाडूच्या पायाशी जेमतेम दोनतीन मिनिटे असतो. उरलेला सारा वेळ तो कोठे उभा राहिला, कोणाला आपल्यामागे ओढून नेऊन कोणासाठी जागा मोकळी केली, ह्यावर त्याचे कौशल्य अवलंबून असते. आणि दूरदर्शनचा कॅमेरा तर चेंडूच्या मागे धावतो! म्हणजे ज्या वेळेवरून तो अंगचोर की कष्टाळू हे ठरावयाचे, त्यातील बहुतेक वेळ मानपाड्याच्या प्रेक्षकाला दिसतच नाही. मग तो खांदे पडलेले आहेत, चेहरा थंड आहे, हात कमरेवर आहेत, अशा खुणांवरून निकाल देतो. आम्हां अध्यापकांना ह्या न्यायाची चांगली ओळख आहे. रात्र जागून तयार केलेला तास नीरस झाला म्हणजे ‘काही वाचून आला नव्हता’ असेच विद्यार्थी म्हणतात. आणि खरोखरच न वाचता गेलेला एखादा तास रंगला, तर ते आमच्या व्यासंगाची स्तुती करतात.

रॉबर्ट नॉझिक ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने आपल्या १९७४ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात असाच एक दृष्टांत दिला आहे. विल्ट चेंबरलेन ह्या बास्केटबॉलपटूच्या नावाची एक पेटी ठेवली आहे, आणि प्रत्येक प्रेक्षक आपखुशीने तीत पंचवीस सेंट टाकतो. असे दहा लक्ष प्रेक्षक आले, तर जमलेले अडीच लक्ष डॉलर न्यायाने त्याचेच नव्हेत काय, असा त्याचा प्रश्न आहे. त्याच्यापुरते उत्तर बिनतोड आहे असे क्षणभर मानू. पण नॉझिक पेटीत नाणे पडेपर्यंतच विचार करतो. नाणे पडल्यानंतर चेंबरलेन नुसता उभा राहिला, तर काय, हे तो विचारीत नाही. शिवाय प्रेक्षक पेटीत नाण्याखेरीज आणखीही काही टाकतो. आपली निष्ठा, आपले शनिवार, शाळेत प्रतिपक्षाच्या मुलांकडून झालेली टिंगल, हे सारे तो टाकतो. त्याची पावती त्याला कोणी देत नाही, आणि म्हणूनच ते परत मागावयाचे कोणापाशी हे त्याला कळत नाही. तो ते खेळाडूपाशी मागतो, कारण पडद्यावर तोच दिसतो. ज्यांनी करारावर सह्या केल्या ते पडद्यावर दिसत नाहीत.

हे सारे आम्ही येथे शहाणपणाने लिहीत आहो. पण ज्या दिवशी ते आमच्या ध्यानात आले, त्या दिवशी शहाणपण दुसऱ्याचेच होते. २०२० च्या ऑक्टोबरातील गोष्ट. आर्सेनलचा मेसुत ओझिल हा जर्मन खेळाडू त्या वेळी सर्वांच्या तोंडी होता. २०१५-१६ च्या लीगमध्ये ह्याने दिलेल्या चेंडूंवर सहकाऱ्यांनी १९ गोल केले होते. २०१८ साली त्याचा नवा करार झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी आठवड्याला साडेतीन लक्ष पौंड, म्हणजे तीन कोटी रुपयांहून अधिक, असा आकडा छापला. पुढे खेळ मंदावला. मार्च २०२० नंतर तो मैदानावर उतरला नाही, आणि ऑक्टोबरात तर लीगच्या यादीतूनही त्याचे नाव गळले. पगार मात्र चालू. त्याच वर्षी टाळेबंदीत बहुतेक खेळाडूंनी साडेबारा टक्के कपात मान्य केली, ती ह्याने केली नाही. पुरेसा खुलासा न करता घाई करण्यात आली, असे त्याचे म्हणणे. आणि ऑगस्टमध्ये त्या संघाने पंचावन्न नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते!

आमच्या वसाहतीतील एक मुलगा, ओझिलचे नाव व दहाचा आकडा पाठीवर मिरविणारा, जिन्याशी उभा राहून आम्हांस तावातावाने सांगत होता, ‘काका, हा माणूस नुसता बसून आठवड्याला तीन कोटी खातो. लाज कशी वाटत नाही?’ त्याचे वडील शेजारीच होते. ते एका कारखान्यात यंत्रावर काम करीत. उन्हाळ्यापासून कारखान्याने त्यांना ले-ऑफ दिला होता, आणि कायद्याप्रमाणे निम्मा पगार हाती येत होता. ते शांतपणे म्हणाले, ‘अरे, तो बसला आहे, की त्याला बसवला आहे?’

मुलगा गप्प झाला. वडील आमच्याकडे वळून म्हणाले, ‘सर, मीही सहा महिने बसून खातो आहे. रोज सकाळी फोन करून विचारतो, येऊ का म्हणून.’

‘बाबा, तुमचे वेगळे आहे,’ मुलगा म्हणाला.

‘काय वेगळे आहे?’

ह्या प्रश्नाला आम्ही मनातल्या मनात पुष्कळ उत्तरे शोधली. तीन कोटी आणि निम्मा पगार हे अंतर मोठे आहे. पण ते रकमेचे अंतर आहे, आणि आम्ही तर नुकतेच म्हणत होतो की तक्रार रकमेची नाही. कपात नाकारली हे अंतर खरे वाटते, आणि ते आम्ही अजूनही पुसून टाकू शकत नाही; पगार सोडण्याचे बंधन नसले, तरी पंचावन्न माणसे बाहेर पडत असताना सोडता आला असता. पण त्याच ऑक्टोबरात संघाच्या डायनासोरचा मुखवटा घालून मुलांना रिझविणाऱ्या माणसाची नोकरी गेली, तेव्हा ‘मी ह्या संघात असेपर्यंत त्याचा पगार मी देतो’ असे जाहीर करणारा खेळाडू हाच होता. एका बाजूने पाहावे तर तो अडून बसलेला, दुसऱ्या बाजूने पाहावे तर दारात उभा असलेला. जिन्याशी उभे राहून ह्यातले काही बोलणे आम्हांस साधले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, ‘रोजाने लावलेल्या माणसाला धन्यानेच काम दिले नाही, तर त्याचा रोज बुडवावा काय?’

‘बुडवू नये,’ वडील म्हणाले. मुलगा काही बोलला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये ओझिल तुर्कस्तानच्या फेनरबाचे संघात गेला. मुलाची जर्सी पुढेही कित्येक महिने तीच होती, पाठीवरच्या नावासकट. नवी घेण्यासारखी त्या वर्षी घरची स्थिती नव्हती, हेही त्याचे कारण असेल; आम्ही विचारले नाही.