उत्सर्ग, जीर्णोद्धार आणि मुक्त संहिता

एखाद्या प्रदेशाला पुढील दहा-वीस वर्षांत किती वीज लागेल, ती कोळशातून, पाण्यातून की उन्हातून मिळवावी आणि त्याचे मोल कोणाला किती पडेल, याचे गणित ज्या संगणकप्रणालीत मांडतात तिला ऊर्जेचे मॉडेल म्हणतात. आणि तिची संहिता, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर, कोणालाही वाचता, वापरता व बदलता येईल अशा परवान्याने खुली ठेवली असेल, तर ती मुक्तस्रोत ठरते. अशा संहितेत एखादा प्रोग्रामर आपल्या श्रमाची भर घालतो तेव्हा त्याला ‘ज्ञानदान’ म्हणण्याची सवय मराठीत आहे. धर्मशास्त्राच्या कसोटीवर हा शब्द टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे पाहिले म्हणजे या कर्माचे स्वरूप अधिक उलगडते.

दान म्हणजे वस्तूवरील स्वतःचे स्वत्व, अर्थात मालकी, सोडून तिच्यावर दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. दिलेली गाय दात्याला पुन्हा दोहता येत नाही. संहितेच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही, कारण लेखकाचा स्वामित्वहक्क बहुधा त्याच्याकडेच राहतो, घेणाऱ्या कोणा एकाची मालकी उत्पन्न होत नाही आणि देणारा उद्या तीच संहिता स्वतः वापरतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दानाहून निराळा म्हणून ज्याचा विचार केला आहे, तो ‘उत्सर्ग’ येथे अधिक जुळतो. तळे, विहीर किंवा बाग सर्वांसाठी सोडून देणे हा उत्सर्ग होय. तो झाल्यावर ते पाणी सर्व प्राणिमात्रांचे होते, आणि तळे खोदणाराही त्या सर्वांपैकी एक म्हणून ते पिऊ शकतो, असा या चर्चेचा कल आहे.

ऊर्जेच्या क्षेत्रात या उत्सर्गाला न्यायाचीही बाजू आहे, कारण मॉडेलचे उत्तर अखेर कोणाच्या तरी जमिनीवर किंवा कोणाच्या तरी वीजबिलात उतरते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने १९९३ साली अमेरिकन कंपनी एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पासाठी केलेल्या वीजखरेदी कराराचे आर्थिक व तांत्रिक विश्लेषण गिरीश संत, शंतनू दीक्षित व सुबोध वागळे यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. आकडे तज्ज्ञांच्या कपाटात राहिले तर लोकशाहीतली चर्चा पोकळ ठरते, हा त्या करारावरून उठलेल्या वादाचा धडा होता. पुण्यातील ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने २०२१ साली ‘रूमी’ ही प्रणाली खुली केली आणि तिच्यावर ‘पिअर’ हे भारताचे ऊर्जा-मॉडेल उभारले. रूमी ही केवळ मांडणी आहे, देशाचे आकडे व गृहीतके पिअरमध्ये आहेत. तळ्याची खोदाई वेगळी आणि त्यात साठलेले पाणी वेगळे, तसा हा भेद आहे. पिअरचा हिशेब वीजकेंद्रांऐवजी मागणीपासून सुरू होतो, म्हणजे निरनिराळ्या खर्चगटांतील कुटुंबे दिवा, पंखा, चूल कशी वापरतात हे आधी पाहिले जाते. हा क्रम तांत्रिक वाटला तरी त्यामागे एक नैतिक निवड आहे, आणि संहिता उघडी असल्यामुळेच ती निवड दिसते.

गोव्याचे उदाहरण घेऊ. तेथे स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही. राज्याची बहुतेक वीज बाहेरच्या केंद्रांतून उच्चदाब वाहिन्यांनी येते. त्यामुळे तेथे मॉडेलमधील गृहीतके हा कळीचा विषय ठरतो. डिचोली तालुक्यातील खाणी जोरात असताना ऊर्जेच्या मागणीचा जो अंदाज कोणी बांधला असता, तो २०१२ च्या खाणबंदीने एका वर्षात मोडला असता. पेडणे तालुक्यात उलट मोपाच्या विमानतळामुळे मागणी वाढण्याची बाजू जड झाली आहे. अशा ठिकाणी ‘मॉडेल असे सांगते’ हे वाक्य कोणी उच्चारले तर ‘काय गृहीत धरून?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार गावाला असला पाहिजे.

मुक्त संहितेला गोव्यातील गावकरीची उपमा देण्याचा मोह होतो. गावकरी म्हणजे गावाची जमीन सामाईक ठेवून तिच्या उत्पन्नाची वाटणी करणारी जुनी संस्था. दामोदर धर्मानंद कोसंबी या गोमंतकीय गणितज्ञाने जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतील, या संस्थेचा अभ्यास केला, आणि योगायोग असा की १९६० च्या सुमारास अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरणाराही तोच होता. तथापि ही उपमा फसवी आहे. गावकरीतील वाटा जन्माने, पुरुषवंशातून मिळे. बाहेरून आलेल्याने बांध कितीही राखला तरी तो गावकार होत नसे. पेडणे आणि डिचोली हे तर नव्या काबिजादीतले, म्हणजे नंतर जिंकलेले तालुके, जेथे कसणाऱ्या कुळाला मालकाशी झगडावे लागले आणि जेथे मये गावाच्या जमिनीसारखा प्रश्न गोवा मुक्त झाल्यावरही दशकानुदशके भिजत पडला. कसण्यातून हक्क येतो हा कुळाचा युक्तिवाद गावकाराच्या युक्तिवादापेक्षा मुक्त संहितेला जवळचा आहे, कारण संहितेच्या जगात शब्दाला वजन येते ते सातत्याने चुका दुरुस्त करणाऱ्याच्या.

या दुरुस्तीकडे शास्त्राने दुर्लक्ष केलेले नाही. विहीर, बाग, तळे आणि देवालय यांचा जीर्णोद्धार करणाऱ्याला मूळ कर्त्याचे फळ मिळते, असे विष्णुधर्मसूत्र सांगते. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ साली सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला आणि त्याचा उल्लेख शिलालेखात केला. मूळ बांधणारे कोण, हे आज त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक असते. संगणकाच्या जगात मात्र नवे वैशिष्ट्य जोडणाऱ्याचा गाजावाजा होतो आणि जुनी चूक शोधणारा, चाचण्या लिहिणारा, वापराची माहिती नीट करणारा मागे राहतो. खाडीकाठच्या खाजन शेतीचेही असेच आहे. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तिचा बांध आणि पाण्याची ये-जा राखणारी मानस दर वर्षी सांभाळावी लागते. बांध फुटला की सांभाळणारा आठवतो, एरवी नाही.

येथे कर्तेपणाचा प्रश्न उभा राहतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा नीट पाहत नाही, असेही तेथे म्हटले आहे. मॉडेलच्या उत्तरामागे ही पाचही कारणे उघड दिसतात, कारण आकड्यांची भूमी, लिहिणारा, गणित सोडवणारी साधने, पुन्हापुन्हा केलेले प्रयोग आणि पाऊस किंवा कोळशाचा भाव यांपैकी एकही वगळता येत नाही. पण कर्तेपण पाच ठिकाणी वाटले गेले म्हणून जबाबदारी विरघळते, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद अशा संहितेत राहते, आणि निष्काम कर्मात नाव कशाला, या आक्षेपाला मराठी संतांच्या अभंगांतील नाममुद्रा हे पुरेसे उत्तर आहे: अहंकार सोडणाऱ्यांनीही शेवटच्या चरणात आपले नाव ठेवले, कारण म्हटलेल्या शब्दाला कोणीतरी जबाबदार असावे लागते. निनावी उत्सर्ग तळ्याला शोभतो. ज्या गणितावर वीजवाहिनीचा मार्ग ठरू शकतो, त्याला शोभत नाही.

गोव्याच्या वीजखात्याचे दरप्रस्ताव संयुक्त वीज नियामक आयोगापुढे जाहीरपणे मांडले जातात, आणि रूमीची संहिता कोणालाही विनामूल्य घेता येते. डिचोलीतील साखळी आणि पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी या दोहोंची सांगड घालून आपल्या तालुक्यांचे गणित विद्यार्थ्यांकडून एकदा मांडून घ्यावे, आणि त्यात जी चूक सापडेल ती दुरुस्त करून, नावानिशी, परत पाठवावी.