खोटी साक्ष



शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आपल्या गणनेत आठवी आज्ञा. बहुतेक प्रॉटेस्टंट बांधव तिला नववी म्हणतात. क्रमांक वेगळा, आज्ञा एकच. आणि एकमेकांविषयी बोलताना ती दोघेही मोडतो.

'कॅथलिक मरियेची आराधना करतात,' असे त्यांच्यातील काही म्हणतात. वास्तविक आराधना फक्त देवाची. मरियामातेचा आपण सन्मान करतो, तिची मध्यस्थी मागतो. 'प्रॉटेस्टंटांना सत्कृत्ये नकोत,' असे आपण म्हणतो. परंतु खऱ्या श्रद्धेला सत्कृत्यांचे फळ येतेच, ही त्यांची शिकवण. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व लुथरन जागतिक संघाने याच प्रश्नावर संयुक्त घोषणापत्र स्वीकारले: माणूस नीतिमान ठरतो तो देवाच्या कृपेने, आणि तीच कृपा त्याला सत्कृत्यांची प्रेरणा देते.

मग मतभेद संपले का? नाही. पोपमहोदयांचा अधिकार, याजकपद, पवित्र मिस्सा यांविषयी ते आहेत. ते लपवणे हेही असत्यच. मात्र आपण केलेले वर्णन ऐकून समोरच्याला 'होय, मी हेच मानतो' असे म्हणता आले, तरच पुढचा वाद प्रामाणिक. नाहीतर आपण आपल्याच कल्पनेशी भांडत असतो.

पाण्याने व पवित्र त्रैक्याच्या नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपले चर्च ग्राह्य मानते. तो पुन्हा देत नाही. तेव्हा प्रॉटेस्टंट घरातून आलेल्या सुनेला 'आता खरी ख्रिस्ती झालीस' असे म्हणू नका. ती आधीपासूनच ख्रिस्ताची आहे. 'तुमच्याकडे हे कसं मानतात गं?' एवढे विचारा, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू